पहिलं मोठं इंजिन

जऊळका म्हटलं की पुण्यातली मंडळी "हे कुठे आलं?" म्हणतात. वाशिम म्हटलं तर निम्म्यांना कळतं, अकोला म्हटलं की बहुतेकांना. अकोल्याहून वाशिमकडे निघालेली गाडी वाशिमच्या थोडं आधी जिथे थांबते ते जऊळका. गावाला 'जऊळका रेल्वे' असंच म्हणतात, म्हणजे रेल्वे गावाच्या नावातच आहे. आजोळ तिथलं असल्यामुळे माझ्या 1980च्या दशकातल्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्यांना कोळशाच्या धुराचा वास आहे.

तेव्हा ती लाईन मीटरगेज होती आणि गाडीला वाफेचं इंजिन असायचं. आता ते सगळं गेलं. 2008 मध्ये पूर्णा ते अकोला ब्रॉडगेज झालं आणि जऊळक्याच्या फलाटावर आता नेहमीसारखी मोठी गाडी उभी राहते. तक्रार नाही, प्रवास सुखाचा झालाय. पण गेल्या वर्षी मी एक ठरवलं, की आपण एक वाफेचं इंजिन स्वतः बनवायचं, खरोखर वाफेवर चालणारं. छोटं एक आधी बनवून झालं होतं. डुलणाऱ्या सिलिंडरचं, पेल्यात मावेल एवढं, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं. आता दुसरं, मोठं. आणि मोठं म्हणजे अर्थातच जऊळक्याचं इंजिन!

इथून पुढे सहा महिने मी लेथला हातसुद्धा लावला नाही. नुसता वाचत बसलो. (प्रोजेक्ट सुरू करण्यापेक्षा प्रोजेक्टबद्दल वाचण्यात जास्त मजा असते, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको.) पण त्या वाचनातून जे हाती लागलं ते मला कुठल्या नकाशात मिळालं नसतं, म्हणून हा लेख.

तर आधी आमचं इंजिन. माझ्या आठवणीतलं इंजिन बहुधा 'वायपी' होतं. रेल्वेच्या भाषेत वाय म्हणजे मीटरगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर. तिचा मालगाडी ओढणारा भाऊ 'वायजी'. वायपीला पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन. पहिल्या वायपी 1949 मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून आल्या, मग काही स्कॉटलंडहून, काही जर्मनीहून. पण सगळ्यात जास्त बनवल्या जमशेदपूरला, टेल्कोने. पुण्यात आजही जुने लोक टाटा मोटर्सला टेल्को म्हणतात, पण त्या नावातला 'ल' लोकोमोटिव्हचा आहे हे किती जणांच्या लक्षात असतं? कंपनी 1945 साली निघाली ती रेल्वे इंजिनं बनवायला. ट्रक 1954 मध्ये आले. 1970 पर्यंत एकूण 871 वायपी तयार झाल्या.

आणि मला आवडलेली गोष्ट ही, की आमचे रूळ आणि वायपी जवळपास एकाच पिढीचे. पूर्णा ते हिंगोली हा तुकडा निजामाच्या काळातला. पण हिंगोलीपासून वाशिम, जऊळका, अकोला करत खंडव्यापर्यंतचा मार्ग स्वातंत्र्यानंतर जोडला गेला. उत्तरेतलं मीटरगेजचं जाळं आणि दक्षिणेतलं मीटरगेजचं जाळं तोपर्यंत वेगळी होती, ती या मार्गाने एकमेकांना मिळाली. म्हणजे माझ्या लहानशा आजोळावरून राजस्थान आणि हैदराबाद जोडलं गेलं होतं. अशा इंजिनाचं मॉडेल करायचं नाही तर कशाचं करायचं?

मग मी कॅल्क्युलेटर घेतला.

माणसाला बसवून ओढतील अशा मॉडेल रेल्वेचे दोन रुळांमधले ठरलेले गेज आहेत. नवख्यांसाठी त्यातले दोन महत्त्वाचे: साडेतीन इंच आणि पाच इंच. पाच इंच म्हणजे 127 मिलिमीटर. खरं मीटरगेज 1000 मिलिमीटर. म्हणजे मॉडेल साधारण एक अष्टमांश. वायपी टेंडरसकट सुमारे 19 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 2.4 मीटर. माझ्या फ्लॅटची बाल्कनी त्यापेक्षा लहान आहे. बरं, वजन? इथे शाळेतलं गणित आडवं येतं. लांबी आठपट कमी झाली तर वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे 512 पट कमी होतं. वायपी टेंडरसकट शंभर टनांच्या जवळ, म्हणजे मॉडेल 190 किलोच्या पुढे. साडेतीन इंचात केलं तर 1.7 मीटर आणि 70 किलो. हे जरा माणसात आलं. पण आता भाग लहान झाले, आणि संख्या तीच राहिली! सहा मोठी चाकं, दोन सिलिंडर, दोन्हीकडे व्हॉल्व चालवणाऱ्या दांड्यांची जाळी, वर टेंडर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार काम करणाऱ्या माणसाला सात-आठ वर्षं सहज. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. इंजिन तयार होईल तेव्हा ती दाराला कडी लावून मैत्रिणींशी बोलत असेल.

मामांना फोन केला. मामा टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं. ते म्हणाले, "काय करतं रे येवढ्या मोठ्या इंजिनाले? चालवशीन कुठी, ग्यालरीत?"

असो.

हा प्रश्न मला एकट्याला पडलेला नाही, त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. 1898 च्या जानेवारीत लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शलने 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू केलं. घरी लेथ असलेले कारकून, शिक्षक, घड्याळजी असे लोक त्याचे वाचक. त्याच सुमाराला स्टुअर्ट टर्नर नावाच्या तरुणाने छोट्या इंजिनाची ओतीव कामं, म्हणजे बीडाचे कच्चे भाग, विकायला सुरुवात केली. त्याचं 'नंबर 1' इंजिन उभं, एका सिलिंडरचं, दोन इंच व्यासाचं. भाग विकत घ्या, घरी कातून जुळवा. आजही त्या नावाने ओतीव संच मिळतात.

पण रेल्वे इंजिनांच्या बाबतीत एक पंचाईत होती. त्या काळात समज असा, की इतक्या लहान बॉयलरमध्ये कोळशाचा विस्तव नीट पेटतच नाही. मॉडेल इंजिनं म्हणजे स्पिरिटचा दिवा आणि एक साधं भांडं, रुळावर गोल फिरणारी महागडी खेळणी. हे मोडून काढलं ते एका विक्षिप्त माणसाने. कर्ली लॉरेन्स त्याचं नाव, पण तो लिहायचा 'एलबीएससी' या सहीने. ही अक्षरं त्याच्या लाडक्या जुन्या रेल्वे कंपनीची. 1920च्या दशकात मासिकात यावरून जोरदार भांडण जुंपलं. एका बाजूला नावाजलेले उत्पादक, दुसऱ्या बाजूला हा. (आपल्याकडच्या कुठल्याही फ्लेमवॉरला लाजवेल असं.) त्याचं 'आयेशा' हे इंजिन अडीच इंच गेजचं, म्हणजे रुळांमध्ये हाताची चार बोटं मावतील एवढीच जागा. आत खऱ्यासारख्या नळ्यांचा बॉयलर, खरा कोळसा. आणि त्याने मोठी माणसं ओढून दाखवली. भांडण मिटलं असं नाही, भांडणं मिटत नसतात. पण दुसऱ्या बाजूने नंतर इंजिनं तशीच बनवायला सुरुवात केली, ते पुरेसं आहे.

लॉरेन्स 1967 मध्ये वारला. तोपर्यंत त्याने कितीतरी इंजिनांच्या कृती मासिकातून हप्त्याहप्त्याने लिहिल्या, अगदी रेसिपीसारख्या. त्यातलं 'टिच' हे चार चाकांचं चिमुकलं इंजिन खास नवख्यांसाठी, साडेतीन इंच गेजचं. पिढ्यान् पिढ्या 'पहिलं मोठं इंजिन कुठलं?' याचं उत्तर टिच हेच होतं.

आणि इथे गंमत आहे. आज अनुभवी लोक नवख्याला टिच घेऊ नको म्हणतात. का? तर ते फार लहान आहे! स्क्रू बारीक, पंप बारीक, विस्तव मूठभर. जरा दुर्लक्ष झालं की वाफ उतरते, जरा जास्त कोळसा पडला की विस्तव गुदमरतो. लहान म्हणजे सोपं नाही. मी लहान म्हणजे सोपं असं धरून चाललो होतो. (सॉफ्टवेअरमध्येही छोट्या कोडमधले बग शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण ते जाऊ दे.)

मग यावर उपाय काय? उपाय म्हणजे नॅरोगेज. गेज तेच पाच इंच ठेवायचं, पण नमुना अरुंद रुळांवरच्या इंजिनाचा घ्यायचा. म्हणजे तेवढ्याच रुळावर मॉडेल मोठ्या प्रमाणात होतं, चाकं कमी, भाग जाडजूड, भट्टीत फावडं नीट आत जातं. इंग्लंडमध्ये 'स्वीट पी' नावाचं असंच बुटकं इंजिन नवख्यांमध्ये चांगलंच रुळलं ते याच कारणाने.

आणि नॅरोगेजला आपल्याकडे कमी आहे का! अडीच फुटी गेज म्हणजे 762 मिलिमीटर, त्याला 127 ने भागलं की बरोब्बर सहा. या आकड्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. जऊळक्याहून फार लांब नाही मूर्तिजापूर, तिथली 'शकुंतला' अडीच फुटी. तिचं 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत यवतमाळची गाडी ओढत होतं. आमच्याकडच्या लग्नाच्या वऱ्हाडांनी शकुंतलेतून उतरून चालत जाऊन पुन्हा तीच गाडी पकडल्याचे किस्से ऐकत मी मोठा झालो. खरे असतील-नसतील, वेगाबद्दल शंका नाही.

दुसरी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, 1897 ची. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस मला फार आवडला, कारण त्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला. इंजिन केवढं हवं, हा नाही, तर रूळ किती सोसतील, हा. त्याने ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन, डबे, वाघिणी, सगळ्यांना एकच नियम. मग हलके रूळ चालले, स्वस्तात लाईन झाली. इंजिन लीड्सच्या किटसन कंपनीचं, जोडलेली आठ चाकं, म्हणजे वजन नीट वाटलेलं. (पुढे याच माणसाने विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, त्याचं नाव 'गार्डियन एंजल'. भार कसा वाटायचा याचाच विचार बहुधा डोक्यात.) पण मॉडेल म्हणून आठ जोडचाकं? पहिल्याच प्रोजेक्टला? नको.

माथेरानचं इंजिन तर सगळ्यांचं लाडकं. जर्मनीच्या ओरेनस्टाईन आणि कोपेल कंपनीचं, सहा चाकांचं, टेंडर नाही, दिसायला बाळ. गेज दोन फूट, म्हणजे पाच इंचात जवळजवळ एक पंचमांश. मी जवळपास नक्की केलं होतं. मग कळलं की घाटातल्या वळणांसाठी त्याच्या पुढच्या-मागच्या चाकांचे आस पोकळ आहेत, आत दुसरा आस, मध्ये गोलाकार सांधा, म्हणजे चाकं वळणावर बाजूला सरकतात. बाळ दिसतं, पण आतून पार वकील आहे.

हे सगळं चाकांबद्दल झालं. खरी गोष्ट बॉयलरची, आणि ती मी सगळ्यात शेवटी वाचली. आधी वाचायला हवी होती.

पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. एका शनिवारी तिथे गेलो, तांब्याचा पत्रा ठोकून बॉयलर करून मिळेल का विचारायला. दुकानात समोर बंब ठेवला होता. न्हाणीघरातला, आजीच्या घरचा. आणि मला एकदम जाणवलं की हा उभा बॉयलर आहे! खाली विस्तव, मधून धुराची नळी, भोवती पाणी. वाफेच्या इंजिनांच्या पुस्तकात उभ्या बॉयलरचं चित्र असतं ते हुबेहूब हेच. आपण मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या घरात बॉयलर ठेवून आंघोळी करतोय. फरक एकच, बंबाचं तोंड उघडं असतं. त्यात दाब नसतो.

दाब आला की सगळं बदलतं. समजा बॉयलर दहा सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो. तर टोकाच्या झाकणावर जोर येतो सुमारे 470 किलोचा. अर्धा टन, एका बशीवर! आणि वाफेपेक्षा घातक असतं ते आतलं पाणी. त्या दाबाला पाणी 165 अंशांच्या आसपास तापलेलं असतं, दाबामुळे उकळू शकत नाही एवढंच. सांधा फुटला आणि दाब अचानक गेला, तर त्या पाण्याचा साधारण आठवा भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्यातून दोनशे लिटर वाफ. पाच इंच गेजच्या इंजिनात असं तीन-चार लिटर पाणी असतं, आणि त्याच्यामागे दीड फुटावर माणूस बसलेला असतो. कदाचित मांडीवर मूल घेऊन.

कायद्याचा इतिहासही इथूनच सुरू होतो. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक माणसं गेली, आणि 1864 मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग एकेका प्रांताने आपापले केले, त्यांचे नियम एकमेकांशी जुळेनात, म्हणून 1923 चा सगळ्या देशाचा कायदा. तो शंभरहून जास्त वर्षं टिकला, 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. पण जुन्या कायद्यात एक आकडा होता: 22.75 लिटर. म्हणजे पाच गॅलन. त्याहून लहान भांडं कायद्याच्या लेखी बॉयलरच नाही. पुढे हा आकडा 25 लिटर झाला. माझं मॉडेल कुठलंही घेतलं तरी चार-पाच लिटरच्या आत. म्हणजे तपासायला कोणी येणार नाही.

हे वाचून आधी मी खूश झालो. मग जरा वेळाने अजिबात खूश राहिलो नाही. कोणी येणार नाही याचा अर्थ इन्स्पेक्टर मीच. आणि मी माझा कोड स्वतःच रिव्ह्यू केल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. इंग्लंडमध्ये मॉडेलवाल्यांच्या क्लबांनी यासाठी स्वतःचे बॉयलर तपासनीस ठेवले आहेत. नवा बॉयलर पूर्ण गार पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर नुसती धार उडते, कोणी मरत नाही. चाचणी साधी आहे. पण ती पाहणारा दुसरा माणूस पाहिजे, ज्याला "नाही, हा बाद" म्हणताना माझी भीड वाटणार नाही.

तांबट आळीतल्या कारागिरांनी मला दोन वाक्यांत निकालात काढलं होतं. बंबाचा डाग वेगळा, दाबाचा डाग वेगळा, आम्ही दाबाचं करत नाही. ज्याला आपलं काम कळतं तो असंच बोलतो.

म्हणजे माझ्या पहिल्या मोठ्या इंजिनाला बॉयलर नको होता. पण बॉयलर नसलेलं रेल्वे इंजिन म्हणजे नुसता सांगाडा, कारण तिथे बॉयलर हेच अंग. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल इतकी घट्ट बांधलेली की एक टेस्ट करायचं तर दोन्ही लिहावी लागतात.

हे सगळं मामांना फोनवर सांगत होतो, तर ते म्हणाले, "मंग जिनातलं कर ना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वऱ्हाडात रेल्वे आली तीच मुळात कापसासाठी. खामगावची शाखा 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने उघडली. त्यामागोमाग गावोगावी जिन आणि प्रेस आले. सरकी काढायचे रेचे ओळीने उभे, सगळ्यांवरून एक लांब दांडा, त्याला पट्टे, आणि तो दांडा फिरवायला एका खोलीत आडवं वाफेचं इंजिन. बॉयलर वेगळ्या खोलीत, उंच चिमणी, सकाळी भोंगा. मामांचे वडील अशाच एका जिनात आगवाला होते. मामा सांगतात, लहानपणी डबा द्यायला गेलं की इंजिनाच्या खोलीत उभं राहायला मिळायचं. माणसाच्या दीडपट उंच चाक, आवाज मात्र जवळजवळ नाही, नुसता एक मोठा श्वास. पुढे वीज आली, इंजिन भंगारात गेलं. लोकोमोटिव्ह निदान संग्रहालयात तरी उभी आहेत, नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं चांगलं संग्रहालय आहे. जिनातलं इंजिन माझ्या पाहण्यात एकही उरलेलं नाही. त्यांच्यावर कोणी गाणी केली नाहीत, त्यांना बघायला पोरं फाटकावर धावली नाहीत. मीसुद्धा धावलो नव्हतो.

आणि नवख्यासाठी याहून चांगलं काय असेल? एक सिलिंडर, एक सरकता व्हॉल्व, एक क्रँक, एक मोठं चाक. सगळे भाग डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. स्टुअर्टच्या यादीत अशा आडव्या गिरणी-इंजिनाचा संच आहे, सिलिंडर एक इंच, दट्ट्याची धाव दोन इंच, चाक सात इंच. माझ्या लेथवर सगळं जेमतेम बसतं. मुख्य म्हणजे ते वाफेशिवाय चालतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा दिली की फिरायला लागतं. बॉयलर पुढच्या वर्षी, किंवा त्याच्या पुढच्या, शिकून, आणि तपासायला दुसरा माणूस मिळाल्यावर. तोपर्यंत वायपीचे नकाशे कपाटात राहतील.

चार महिने झाले सुरू करून. बोहरी आळीतून अवजारं आणण्यात पहिला महिना गेला. सिलिंडर कातून झाला, पहिला बाद झाला, हा दुसरा. बीडाची काळी पूड नखांतून जात नाही, सोमवारच्या मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवावे लागतात. दिवाळीत मामा आले होते. चष्मा वर करून त्यांनी सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि म्हणाले, मागच्या बाजूला किंचित निमुळतं झालंय, अजून एकदा हलका हात दे. मी मोजून पाहिलं. शतांशाचे तीन भाग मिलिमीटर.

मुलीने विचारलं, याला भोंगा असणार का? मामा म्हणाले, भोंग्याले वाफ लागते, बाई. मग तिने तोंडानेच वाजवून दाखवला.